निद्रिस्त वाद्यमेळाची जाग

संगीताचा एखादा प्रकार मागे पडला, की तो संपला असे आपण सहज म्हणून मोकळे होतो. शाहिराचे तुणतुणे खुंटीला लागले, फडाचा ढोलकीवाला घरी बसला, भजनी मंडळातले चार आवाज पोटासाठी मुंबईला गेले, की आपल्या लेखी त्या कलेची इतिश्री झाली! परंतु संपणे निराळे आणि निजणे निराळे. निजलेली कला पुन्हा उठते केव्हा आणि कशाच्या बळावर, याचा विचार करण्यासाठी आज मी एक दूरचे उदाहरण घेणार आहे. ते आहे स्वीडन देशातील 'डेथ मेटल' या गायनवादनाच्या प्रकाराचे.

'मेटल' म्हणजे धातू, आणि या संगीताचा उगम खरोखरच कारखान्यांच्या गावी झाला. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे टोनी आयोमी नावाचा तरुण पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या करून बसवल्या आणि पुढे दाबायला सोप्या जाव्यात म्हणून तारा सैल केल्या. तारा सैल झाल्या, तसा स्वर खाली उतरला, जड झाला. १९७० साली त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यमेळाची पहिली तबकडी निघाली आणि त्या जड स्वराची परंपरा सुरू झाली. शरीराला आलेले उणेपण कलेचे लक्षण होऊन बसले, ते असे.

या परंपरेचे अतिउग्र रूप म्हणजे डेथ मेटल. १९८० नंतरच्या दशकात ते प्रामुख्याने अमेरिकेत आकाराला आले. तारा आणखी उतरवलेल्या, ढोलांची गती श्वास कोंडणारी, आणि गाणाऱ्याचा आवाज घशाच्या तळातून काढलेला, घोगरा, गुरगुरणारा. गीतांचे विषय मृत्यू, रोगराई, स्मशान. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, 'हा तर नुसता गोंगाट!' पण आपल्याच भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीत बसवले आहे. जे प्रत्यक्षात सोसवत नाही, ते कलेत पाहून मन हलके होते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

आता स्वीडनकडे वळू. स्टॉकहोम शहरात १९८७ साली काही पोरसवदा मुलांनी 'निहिलिस्ट' नावाचा मेळ काढला. दोन वर्षांत तो मोडला आणि त्यातूनच 'एन्टूम्ड' उभा राहिला. 'लेफ्ट हँड पाथ' ही त्यांची पहिली तबकडी १९९० साली निघाली. तिचे ध्वनिमुद्रण टोमास स्कोग्सबर्ग यांच्या 'सनलाइट' स्टुडिओत झाले होते, आणि तिथे जो नाद घडला तोच पुढे स्टॉकहोमचा नाद म्हणून जगभर ओळखला गेला.

या नादाचे मर्म काय? जपानच्या 'बॉस' कंपनीने १९८३ ते १९९१ या काळात 'एचएम-२' नावाची एक छोटी पेटी काढली होती. गिटार आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये ती जोडायची आणि पायाने दाबायची. तिला पेडल म्हणतात. तिच्यावर चार खुंट्या आहेत. शहाणा वादक त्या बेताने फिरवतो. या पोरांनी चारही शेवटापर्यंत पिळल्या! त्यातून लाकूड चिरणाऱ्या करवतीसारखा खरखरीत, भरदार आवाज निघाला. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली की बोल खाली उतरतो आणि घुमतो. हलगी जाळावर शेकली की कडाडते. तसेच हे. वाद्य कारखान्यातून येते, पण नाद घडतो तो वाजवणाऱ्याच्या युक्तीतून.

आपल्यासारख्या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, तेथे मुलांना थोडक्या खर्चात वाद्य शिकता येते. शिवाय लोकशिक्षणासाठी चालणारी अभ्यासमंडळे आहेत. त्यांना सरकारी साहाय्य मिळते. या मंडळांनी तरुण वादकांना तालमीसाठी खोल्या दिल्या. तेथे काय वाजते याची चौकशी त्यांनी फारशी केली नाही. स्मशानाची गाणी गाणारी पोरे वाढली ती अशी लोकशिक्षणाच्या छपराखाली!

याच शहरातला, १९८८ साली निघालेला 'डिस्मेंबर' हा मेळ आजच्या विषयाचा नायक. त्यांची पहिली मोठी तबकडी १९९१ साली आली, तीही 'सनलाइट'मध्येच मुद्रित झालेली. ब्रिटनच्या सीमाशुल्क खात्याने तिच्या प्रती अडकवल्या, एका गीतावरून अश्लीलतेचा खटला झाला, आणि अखेर न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. आपल्याकडे मर्ढेकरांच्या कवितेवरही असा खटला होऊन ते सुटले होते, याची येथे आठवण होते. पुढे रुची पालटली, डेथ मेटलची लाट ओसरली. डिस्मेंबर मात्र वाजवत राहिले, आणि २०११ साली थांबले.

आठ वर्षे हा मेळ निजला होता; नाद मात्र निजला नव्हता. देशोदेशीची नवी मुले जुन्या तबकड्या ऐकून, जुनी पेडले धुंडाळून तोच करवतीचा आवाज काढीत होती. २०१९ साली पहिल्या तबकडीच्या वेळचे पाचही जण स्टॉकहोमच्या रंगमंचावर पुन्हा एकत्र आले. २०२१ साली 'बॉस' कंपनीनेही ते बंद पडलेले पेडल नव्याने बाजारात आणले.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण घडले आहे, जरी संगीताची जात थोडी सौम्य होती. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' हा मेळ निघाला. तेव्हाचे बहुतेक मेळ परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःची गाणी रचण्याचा आग्रह धरला. १९९३ साली त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ साली मेळ थांबला, आणि तब्बल तेरा वर्षांनी, २०१० साली, काही जुने आणि काही नवे वादक घेऊन तो पुन्हा उभा राहिला. २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' ही नव्या गाण्यांची तबकडीही निघाली. डिस्मेंबरने आपला जुना नाद जसाच्या तसा उचलला, इंडस क्रीडने वाढलेल्या वयाचे नवे बोल मांडले. जागे होण्याच्या या दोन्ही रीती खऱ्या.

मग निजलेली कला उठण्यास काय लागते? तीन गोष्टी दिसतात. एक, मुद्रण; म्हणजे नाद कुठेतरी जपलेला हवा. दुसरी, वाद्य आणि ते वाजवण्याची युक्ती कुणीतरी चालवत ठेवायला हवी. तिसरी, माणसे, आणि हीच सर्वांत नाशवंत. एन्टूम्डचे गायक एल. जी. पेत्रोव २०२१ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. गोथेनबर्गच्या 'अ‍ॅट द गेट्स' या मेळाने १९९६ साली मोडूनही पुन्हा एकत्र येऊन २०१४ साली नवी तबकडी काढली होती. त्यांचे गायक टोमास लिंडबर्ग २०२५ साली निवर्तले. ते कंठ आता फक्त तबकडीतच उरले. 'पुढे कधीतरी पुन्हा जमू' या बेताला काळाची मुदत असते.

स्टॉकहोमची ही गाणी आपल्याला आवडावीत असा माझा आग्रह नाही. पण कोयना-केरेच्या काठच्या आपल्या गावांतही अशी कितीतरी मंडळे निजलेली आहेत, ज्यांतला एखादा संबळवाला किंवा एखादा भेदिक शाहीर अजून हयात आहे. त्याचा आवाज आज मुद्रित करता येतो. तालमीला शाळेची एक खोली संध्याकाळी उघडून देता येते. शेजारी शिकायला दोन मुले बसवता येतात. याला फारसा पैसा लागत नाही. तो शाहीर गाऊ शकतो आहे, तोवर मात्र हे व्हायला हवे.