जुन्या मोटारीचे कवच

भोपाळच्या इंद्रपुरीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या रंगाचे तेज उन्हाने व धुळीने हरपते. म्हणूनच जुनी मोटार घेणारा सिरॅमिक लेपाकडे वळतो. हा लेप प्रायः सिलिकायुक्त असून त्याची जाडी मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकीच असते. त्यावर पाणी व मळ सहसा ठरत नाही. परंतु तो ओरखडे बुजवीत नाही, दगडाचा मारही अडवीत नाही. यास्तव गाडी धुऊन, रुतलेली घाण काढून, ओरखडे आधी पॉलिशने घालवावेत. मग तेलकटपणा पुसून सावलीत लेप द्यावा. एरवी जुने व्रण लेपाखाली कोंडले जातात व ते काढण्यासाठी लेपच घासून टाकावा लागतो. मात्र पॉलिशनेही रंग झिजतो. तेव्हा त्याची जाडी आधी मोजून घेणेच श्रेयस्कर.