सेवेची ती तीन वर्षे कुणाच्या हिशेबात?

धाराशिव जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या जिल्हा परिषद शाळेत दोन प्रकारचे गुरुजी भेटतात. तास तेवढेच, निवडणुकीचे कामही तेच. फरक फक्त रुजू होण्याच्या तारखेचा.

३१ ऑक्टोबर २००५ पर्यंत आलेल्यांना १९८२ च्या नियमांप्रमाणे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई. १ नोव्हेंबर २००५ पासून आलेल्यांना अंशदान योजना, म्हणजे आधी डीसीपीएस आणि पुढे एनपीएस. मूळ पगार व महागाई भत्त्याचे १० टक्के कापायचे, शासनाने आपला वाटा घालायचा (आधी १०, नंतर १४ टक्के) आणि रक्कम बाजारात गुंतवायची. म्हातारपणी हाती किती पडेल, हे बाजार ठरवणार.

याविरुद्ध १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यव्यापी संप झाला. २०२४ मध्ये शासनाने काही पावले उचलली. ज्यांची जाहिरात २००५ च्या त्या तारखेआधीची होती, त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय दिला. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना, म्हणजे यूपीएस, मान्य केली. तेव्हापासून प्रश्न मिटला असे ऐकू येते. नव्या शिक्षकापुरते आम्हाला ते पटत नाही.

हिशेब करून पाहू. यूपीएसमध्ये पूर्ण ५० टक्के पेन्शन हवी तर २५ वर्षे सेवा लागते. कमी सेवेला त्या प्रमाणात कमी. आपल्याकडे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. म्हणजे ३३ व्या वर्षाच्या आत नोकरी लागायला हवी. पण २०१० च्या सीईटीनंतर शिक्षकांसाठी राज्यस्तरीय अभियोग्यता चाचणी झाली ती थेट २०१७ च्या शेवटी. डी.एड. करून बसलेल्या एका पिढीचे वय त्यात निघून गेले. ३६ व्या वर्षी रुजू झालेल्याला २२ वर्षेच मिळतात, म्हणजे ४४ टक्के. त्यात पहिली तीन वर्षे शिक्षण सेवकाची. प्राथमिकला मानधन १६ हजार, तेही २०२३ पासून. त्याआधी ६ हजार होते. वेतनश्रेणी नाही, महागाई भत्ता नाही, मग टक्का कशाचा कापणार? ही वर्षे धरलीच नाहीत तर उरतात १९ वर्षे आणि ३८ टक्के. उशीर शासनाने केला, भुर्दंड मात्र शिक्षकाच्या म्हातारपणावर.

आता शाळेकडे वळू. भूम, परंडा, वाशीकडच्या गावात परजिल्ह्यातून आलेला तरुण १६ हजारांत खोलीभाडे भरून राहतो. तो पुन्हा चाचणी देतो, दुसऱ्या परीक्षांचा अभ्यास करतो, नाहीतर आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पेन्शन सुधारली की बदल्या थांबतील असेही आम्ही म्हणत नाही. घराची ओढ पेन्शनने सुटत नसते. पण पूर्वी नोकरी अर्धवट सोडली तर पेन्शन जायची, आणि ती भीती माणसाला धरून ठेवायची. आज एनपीएसचे खाते माणसाबरोबर जाते. सुरुवातीला पुरेसा पगार नाही, शेवटी पेन्शनची खात्री नाही, मग त्याने टिकावे कशासाठी?

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. इथे गुरुजी मध्येच गेला तर पोरे दुसऱ्या वर्गात जाऊन बसतात आणि एक शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो. ज्यांच्या घरी पैसा आहे ते तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी पकडतात. मागे राहतात ती वस्तीतली, ऊसतोड मजुरांची पोरे. आपल्यातल्या कित्येक घरांत पहिला सरकारी पगार गुरुजीचाच आला, हेही विसरता येत नाही.

म्हणून संघटनांनी जुन्या पेन्शनबरोबर एक छोटी मागणीही लावून धरावी: शिक्षण सेवकाची तीन वर्षे पेन्शनपात्र सेवेत धरा आणि त्या काळाचा शासनाचा वाटा खात्यात भरा. तोवर नव्या शिक्षकांनी रुजू झाल्याची मूळ तारीख सेवापुस्तकात नोंदवली आहे ना, आणि दरमहा कापलेली रक्कम खात्यावर दिसते ना, हे स्वतः पाहून घ्यावे.