ढोलीतील चिमुकला रहिवासी

कांगारू सर्वांच्या परिचयाचा आहे. आज आम्ही त्याच्या एका चिमुकल्या आप्ताची ओळख करून देत आहोत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, उंच निलगिरीच्या अरण्यात राहणारा लेडबीटरचा पॉसम जेमतेम सव्वाशे ग्रॅम वजनाचा असतो. मादी पिल्लास पोटाच्या पिशवीत वाढविते; झाडांचा डिंक व कीटक हा त्यांचा आहार. नामशेष समजला गेलेला हा प्राणी १९६१ साली पुन्हा दिसला आणि १९७१ साली राज्याचे मानचिन्ह ठरला. त्याचे घर म्हणजे जुन्या वृक्षाची ढोली. ती तयार होण्यास शतकाहून अधिक काळ लागतो. २००९ च्या वणव्यांत असे असंख्य वृक्ष जळाले. आज लावलेल्या रोपाची ढोली पाहतील ती आपली पणतवंडे. म्हणून उरलेला प्रत्येक जुना वृक्ष जपलाच पाहिजे.