घट्ट नको, मापाचा हवा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचे नाव शिंद्यांच्या फौजेच्या तळावरून पडले. तिथल्या महाराज बाड्यावर आणि सराफ्यात आजही दिवसभर उभ्याने राबणाऱ्यांची फौजच दिसते. दुकानदार, विक्रेते, हवालदार. सगळ्यांची संध्याकाळची तक्रार एकच : पाय भरून येतात, मोज्याचा वळ घोट्यावर उमटतो.

यामागे साधे भौतिकशास्त्र आहे. स्तब्ध उभे राहिले की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या स्तंभाचा भार घोट्याच्या शिरांवर येतो. तो दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर भरतो. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. उभे राहिलो की हा पंप थंडावतो आणि रक्तातले पाणी ऊतींत झिरपते. त्यात ग्वाल्हेरचा मे महिना! पारा ४५ अंशांकडे जातो, रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते.

अमेरिकेतले अभियंते कॉनराड जोब्स्ट यांना शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पाय हलके वाटतात, हे त्यांच्या लक्षात आले. पाणी जितके खोल, तितका त्याचा दाब जास्त. हेच तत्त्व त्यांनी १९५० च्या सुमारास मोज्यात आणले : घोट्याशी दाब सर्वाधिक, वर पोटरीकडे कमी कमी होत जाणारा.

म्हणूनच असा दाब देणारा, म्हणजे कॉम्प्रेशन मोजा 'टाईट' बघून घेऊ नये. सकाळी, सूज येण्याआधी, टेपने घोट्यावरचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड घेर मोजावा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावा. रोजच्या कामाला १५ ते २० मिलिमीटर दाब बहुतेकांना पुरतो. २० ते ३० चा मोजा डॉक्टरांनी सांगितला तरच. उन्हाळ्यात पातळ विणीचा, बोटे उघडी राहणारा बरा. सकाळीच चढवावा, सुरकुती राहू देऊ नये. वरची कड दुमडू नये. तिथेच दाब वाढून रक्त अडते. रात्री काढून ठेवावा. हाताने धुऊन सावलीत वाळवावा.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल किंवा पायाच्या धमन्या अरुंद असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोजा घालू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर मोजा शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मोजा घातला तरी तासाभराने चार पावले चाला, टाचा उचला. पोटरीचा पंप चालवायचा आहे तो आपणच.