पाचोऱ्यात प्लॉट घ्यायचाय? भाव नंतर विचारा, पाणी आधी बघा!

नोकरी पुण्या-मुंबईत, पण "गावाकडे एखादा प्लॉट घेऊन टाकू" हा विषय खानदेशातल्या घराघरांत दिवाळीच्या सुट्टीत निघतोच. पाचोऱ्याकडे लक्ष असेल, तर सौद्याला बसण्याआधी या गावाची नीट ओळख करून घ्या. ओळख मोठी रंजक आहे आणि पैसे वाचवणारीही!

एक तालुका, दोन नद्या
पाचोरा शहर वसलंय हिवरा नदीच्या काठी. नदी ओलांडली की कृष्णापुरी हा भाग. तालुक्यातली मोठी नदी मात्र गिरणा. ती नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि मालेगाव, भडगाव करत इकडे येऊन पुढे तापीला मिळते. हिवरा येते अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून. त्यामुळे गावावर ऊन असलं तरी डोंगरात जोरदार पाऊस झाला, की नदीला पाणी चढतं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर नदीच्या पुरानं शेजारच्या चाळीसगावची काय दैना केली, ते सगळ्या जळगाव जिल्ह्यानं पाहिलंय.

निळी रेषा, लाल रेषा
जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचं नावच काढायचं नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींवर बांधता येतं. प्लॉट नदी-नाल्याजवळ असेल तर नगरपालिकेत विकास आराखडा उघडून बघा. शिवाय काठावरच्या एखाद्या आजोबांना विचारा, "बाबा, पाणी कुठवर आलं होतं?" ते थेट भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

धरण मोठं, पण भरवसा पावसावर
नांदगाव तालुक्यातलं गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झालं. साठवणक्षमता सुमारे २१.५ टीएमसी. ते २००७ मध्ये पूर्ण भरलं, त्यानंतर थेट २०१९ मध्ये! मधली १२ वर्षं गिरणाकाठ उन्हाळ्यात आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी सुटण्याची वाट बघत राहिला. म्हणून प्लॉट दाखवणाऱ्याला "बोअरला पाणी आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. मे महिन्यात नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हे शेजारच्या घरातल्या ताईंना विचारा. खरं उत्तर तिथंच मिळेल.

कपाशीची लाडकी, पायाची परीक्षा
इथली काळी कसदार जमीन कपाशीला सोन्यासारखी. पण हीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये रिकाम्या प्लॉटवर उभं राहून खाली बघा. हाताची बोटं सहज आत जातील अशा भेगा दिसतील. अशा जागी पाया खोल घ्यावा लागतो, भराव टाकावा लागतो आणि खर्च वाढतो. भाव ठरवताना हा खर्च धरूनच बोला.

पीजेचं गाव
पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी नॅरोगेज, म्हणजे सगळ्यांची लाडकी 'पीजे'! सुमारे ५६ किलोमीटरचा हा मार्ग शंभर वर्षांपूर्वीचा. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं जोडत गाडी डुलत डुलत जायची. २०२० मध्ये ती थांबली. आता ब्रॉडगेज करून मार्ग पुढे बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर आहे. त्यामुळे रुळांलगतची जमीन घेताना तिचा गट नंबर भूसंपादनात आहे का, हे आधी तपासा.

मेन लाइन आणि महामार्ग
मुंबई-भुसावळ मुख्य रेल्वेमार्ग गावातूनच जातो, तर जळगाव-चाळीसगाव-मनमाड हा राष्ट्रीय महामार्ग ७५३ जे इथूनच पुढे सरकतो. दळणवळणाची चैन आहे! पण रुळांमुळे गावाचे दोन भाग पडतात. तुमच्या प्लॉटवरून शाळा, दवाखाना आणि बाजार गाठायला रूळ किंवा नदी ओलांडावी लागते का, ते स्वतः चालून बघा.

भाडेकरू कोण?
२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ६० हजार होती. १९८८ पासूनची निर्मल सीड्स ही बियाणं कंपनी इथलीच. शिवाय गो. से. हायस्कूल, एम. एम. कॉलेज, तालुक्याची कार्यालयं. शिक्षक, कर्मचारी आणि मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यांतून आलेली कुटुंबं, हे इथले भाडेकरू. भाड्यासाठी बांधणार असाल तर त्यांच्या खिशाला परवडेल असं, पाण्याची मोठी टाकी असलेलं छोटं घर बांधा.

गुंठ्याचं गणित
१ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. नुसता "गुंठा मिळतोय" म्हणून भुलू नका. सातबारा, फेरफार, एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट हे चारही कागद हातात घ्या. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाची नोंद आहे का, ते बारकाईनं वाचा. लेआउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा.

जत्रेला जा!
गिरणाकाठच्या माहेजीची जत्रा इतकी जुनी, की ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. त्या गर्दीत हिंडा, पेरणी-पाण्याच्या गप्पा ऐका. कुठल्या रस्त्याला जमिनी निघाल्यात, कुठे पाण्याची ओरड आहे, हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा इथं जास्त कळेल.

पाचोऱ्याला दोनदा या. एकदा ऐन पावसाळ्यात, एकदा भर मे महिन्यात. दोन्ही वेळा जागा मनात भरली, कागद चोख निघाले, तर बिनधास्त इसार द्या. कष्टाचा पैसा आहे, तो कोरड्या पायानं आणि भरल्या टाकीनं राहता येईल अशाच जागेत गुंतवा.