फाटकावरची चांदणी

पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात ७ फेब्रुवारी १९९३ च्या सकाळी एक स्टेशन वॅगन फाटकावर न थांबताच आत शिरली. ओळखपत्र दाखवण्याचा प्रश्नच आला नाही. आतले कुंपण तोडून ती टर्बाइनच्या इमारतीच्या शटरवर आदळली. चालक उतरून इमारतीत दडून बसला. त्याला शोधून काढायला चार तास लागले. त्याच्याजवळ ना शस्त्र होते, ना स्फोटके. पण धडा मिळायचा तो मिळाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने केंद्रांभोवती गाड्या रोखणारे अडथळे बंधनकारक केले. तेव्हा धास्ती होती ती गाडीची. आत येणाऱ्याच्या खिशातल्या कागदाकडे देशाचे लक्ष गेले ते आणखी आठ वर्षांनी.

११ सप्टेंबर २००१ च्या १९ हल्लेखोरांपैकी एक वगळता सर्वांनी कुठले ना कुठले अमेरिकी ओळखपत्र मिळवले होते, काहींनी लबाडीने. अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्र नाही. ते काम वाहन परवाना करतो आणि तो देते राज्य. पन्नास राज्ये, पन्नास तऱ्हा. परवान्यांना केंद्राने निकष लावावेत, अशी शिफारस चौकशी आयोगाने २००४ मध्ये केली. त्यातून विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी जिम सेन्सेनब्रेनर यांचे ‘रिअल आयडी’ विधेयक आले. सिनेटमध्ये त्यावर स्वतंत्र मतदान झालेच नाही. इराक-अफगाणिस्तान युद्धाचा खर्च आणि त्सुनामीग्रस्तांची मदत असलेल्या पुरवणी खर्चाच्या विधेयकाला ते जोडले गेले. सैनिकांच्या आणि त्सुनामीच्या पैशाला नाही कोण म्हणणार? सिनेटमध्ये १०० विरुद्ध ० अशी मते पडली आणि ११ मे २००५ रोजी अध्यक्ष बुश यांची सही झाली.

निकषांत न बसणारा परवाना कुठे चालणार नाही, याची कायद्यात तीन ठिकाणे नाव घेऊन सांगितली आहेत: केंद्र सरकारच्या इमारती, प्रवासी विमाने आणि अणुवीज केंद्रे. पहिल्या दोन ठिकाणी सामान्य माणूस जातो. तिसरीकडे सहसा कामगारच जातो. पण कायद्याला वजन आणले ते त्या तिसऱ्या नावाने.

अंमलबजावणी व्हायची होती मे २००८ मध्ये. पण खर्च राज्यांच्या गळ्यात पडणार होता. गव्हर्नरांच्या संघटनेने व इतरांनी २००६ मध्ये पाच वर्षांसाठी ११ अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा अंदाज मांडला होता. जानेवारी २००७ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळाने विरोधाचा ठराव केला, त्यानंतर मोंटानाने कायदाच करून नकार दिला. खर्चावरून कुरकुरणारे आणि मागच्या दाराने राष्ट्रीय ओळखपत्र येते आहे म्हणून चिडलेले, असे उजवे-डावे एका पंगतीला बसले. मग सुरू झाली मुदतवाढीची माळ.

अखेर टप्पे पाडले गेले. जुलै २०१४ मध्ये अणुवीज केंद्रांचा टप्पा आला आणि कुणाच्या लक्षातही न येता पार पडला. कारण त्या फाटकावरची चाळण आधीच फार बारीक होती. सोबतीशिवाय आत वावरायचे असेल तर बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, मागच्या नोकऱ्या आणि आर्थिक पत तपासतात, मानसशास्त्रीय चाचणी होते, दारू आणि अमली पदार्थांची तपासणी होते. ज्याचे हे झालेले नाही, त्याच्यामागे सुरक्षित भागात सोबती सावलीसारखा असतो. दर दीड-दोन वर्षांनी इंधन बदलण्यासाठी अणुभट्टी बंद ठेवतात, तेव्हा वेल्डर, पाइपफिटर, परांची बांधणारे असे शेकडो कंत्राटी कामगार येतात आणि काम उरकून पुढच्या केंद्राची वाट धरतात. त्यांनाही हीच चाळण; तिच्यापुढे नुसत्या परवान्याची काय मातब्बरी?

बरे, ही चाळणही अपुरी पडू शकते. दहशतवाद्यांशी संबंधांच्या संशयावरून २०१० मध्ये न्यू जर्सीचा एक तरुण येमेनमध्ये पकडला गेला. त्याने २००२ ते २००८ दरम्यान अनेक अणुकेंद्रांवर मजुरी केली होती, तीही रीतसर पडताळणीतून पार होऊन. त्याची ओळख खरीच होती. माणूस कोण हे कागद सांगतो. त्याच्या मनात काय चालले आहे, हे कागदावर येत नाही.

कायद्याचा खरा भार पडला तो परवान्याच्या कचेरीतल्या रांगेवर. कोपऱ्यात ‘रिअल आयडी’ची चांदणी असलेला परवाना हवा तर जन्मदाखला किंवा पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी क्रमांक, राहत्या पत्त्याचे दोन पुरावे आणि कायदेशीर वास्तव्याचा आधार. तिथल्या मराठी माणसाची आणखी एक पंचाईत. आपले नाव तीन पदरी: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. मधले नाव पासपोर्टावर पहिल्या नावाला चिकटलेले, दुसऱ्या कागदावर गायब. बाईच्या एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. मग विवाहाच्या दाखल्याने दोन्ही जोडून दाखवायची. शिवाय एच-१बी व्हिसावरचा मुक्काम एका वेळी फार तर तीन वर्षांचा; परवाना त्याच्याबरोबरच संपणार आणि मुदतीचा असल्याचे त्याच्यावर छापलेले असणार. गंमत म्हणजे देशांतर्गत विमानाला भारतीय पासपोर्टही चालतो, हे रांगेत उभ्या असलेल्या अनेकांच्या गावी नसते.

विमानांची तारीख २०१८, २०२०, कोविडमुळे २०२१, मग २०२३ असे करत ७ मे २०२५ ला येऊन ठेपली. सही झाल्याला वीस वर्षे होत आली होती. त्या दिवशीही चांदणी नसलेल्यांना सरसकट परत पाठवले नाही. जादा तपासणी करून सोडले.

थ्री माइल आयलंडची चालू असलेली अणुभट्टी २०१९ मध्ये बंद झाली. ती पुन्हा सुरू करून तिची वीज मायक्रोसॉफ्टला देण्याचा बेत २०२४ मध्ये जाहीर झाला. म्हणजे त्या फाटकावर पुन्हा कामगारांची रांग लागायची. आता बहुतेकांच्या खिशात चांदणीचा परवाना असेल. तो पाहून पहारेकरी एवढेच म्हणेल, ठीक आहे, आता बोटांचे ठसे द्या.