भिंतीला दोन पदर होते

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर. जगात असे धक्के दरवर्षी बसतात. इथे मात्र हजारो माणसं गेली, आणि खापर फुटलं दगडमातीच्या घरांवर. ‘आता दगड नको, स्लॅबच हवा’ हे मराठवाड्याने तेव्हा ठरवून टाकलं. हा न्याय मला अर्धवट वाटतो.

त्या घरांची अडीच-तीन फुटी भिंत मुळात एक नव्हतीच. आतून एक पदर, बाहेरून एक, मध्ये गोटे, कपच्या आणि चिखल. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड सहसा नसायचा. जमीन हलली की पदर सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते. वर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद. गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा माती चढवलेली, थर कुठे कुठे दोन फुटांचा. म्हणजे डोक्यावर दर चौरस मीटरला जवळपास टनभर ओझं! त्याच मातीने उन्हाळ्यात घर गार राहायचं, हेही खरं.

कित्येक घरांत भिंती कोसळल्या, पण खांब-तुळयांचे खण उभे राहिले, कारण माळवदाचा भार लाकडावर होता. अभियंत्यांनी जुनी घरं सावरायचे जे उपाय सुचवले, ते या निरीक्षणाशी जुळणारेच आहेत. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचं, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू द्यायचे, माळवदाची माती उतरवून थर पातळ करायचा. अशा भिंतींसाठी ‘आयएस १३८२८’ हे मानक त्याच वर्षी, १९९३ मध्ये आलं. या उपायांचा खर्च नव्या घराच्या मानाने थोडा. पण ज्याने घरातली माणसं दगडाखालून काढली, त्याला पुन्हा त्याच भिंतीआड झोप म्हणून कोण सांगणार?

मात्र स्लॅब म्हणजे सुरक्षितता नव्हे. पट्ट्याने एकत्र न बांधलेल्या विटांच्या भिंतींवर टेकलेला स्लॅबही जीवघेणाच. शिवाय १९९३ मध्ये भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात असलेला हा भाग पुढे तिसऱ्यात गेला. तेव्हा घर बांधताना गवंड्याला एवढं विचाराच: लिंटेलचा पट्टा चारही भिंतींवरून सलग फिरवणार, की दारं-खिडक्यांपुरताच टाकणार?